रोजचं शब्दकोडं सगळ्यांना सोडवता येतं का? (हौशी खेळ बनवणाऱ्या बाईचा प्रश्न)

काना_मात्रा | मंगळवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

इथल्या काही जणांना ठाऊक आहे, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी हौसेखातर एक शब्दकोडं बनवलं. ब्राउझर उघडायचा आणि खेळायचं. ॲप नको, लॉगिन नको. रोज एक चार अक्षरी मराठी शब्द, सहा प्रयत्न. वर्डल या इंग्रजी शब्दखेळावरून उचललंय हे आधीच कबूल करते. पण मराठीत नुसतं अक्षर बरोबर की चूक एवढ्यानं भागत नाही, म्हणून मी चार रंग ठेवले. हिरवा म्हणजे अक्षरही बरोबर, जागाही बरोबर. पिवळा म्हणजे अक्षर आहे, पण दुसऱ्या घरात. निळा म्हणजे जागा आणि व्यंजन बरोबर, काना-मात्रा-वेलांटी चुकली. राखाडी म्हणजे नाहीच. रोज नव्वदेक माणसं खेळतात, त्यातली निम्मी माझ्या माहेरची.

परवा एका खेळाडूची ईमेल आली. त्यांच्या परवानगीनं दोन ओळी देते: "ताई, खेळ छान आहे असं बायको सांगते. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम लावून संगणक वापरतो. तुमच्या पानावर मला अठ्ठेचाळीस वेळा 'क्लिकेबल' ऐकू आलं आणि मग पान संपलं."

अक्षरांच्या पाटीवर मी वळणदार अक्षरं चित्रं म्हणून टाकली होती, चित्रांना नावं दिली नव्हती. मला दोन दिवस नीट झोप नाही. नवरा म्हणतो, फुकटच्या खेळासाठी कोण एवढं करतं? तर प्रश्न असा: इथे कुणाला असा अनुभव आहे का, आणि माझ्यासारख्या एकटीनं नेमकं कुठून सुरुवात करायची?

बोरिवलीस्लो | मंगळवार, रात्री ११:०४

रुमाल टाकून ठेवतो. अठ्ठेचाळीस वेळा 'क्लिकेबल' ऐकून वर शांतपणे ईमेल लिहिणाऱ्या गृहस्थांना साष्टांग. मी फोनवर 'मराठीसाठी दोन दाबा' इतकंच ऐकून ठेवून देतो.

अर्धविराम | मंगळवार, रात्री ११:३१

थोडं कडू लिहितो, गोड मानून घ्या. मी पंधरा वर्षं कोड लिहून पोट भरतो. सुगम्यता, म्हणजे अपंगांनाही वापरता येईल असं बनवणं, हा मोठ्या कंपन्यांचा विषय आहे. त्यांच्याकडे माणसं असतात, चाचणी करणारे असतात. शनिवार-रविवारी हौसेनं खेळ लिहिणाऱ्यावर हा बोजा टाकला तर कुणी खेळच लिहिणार नाही. शिवाय काही खेळ मुळात डोळ्यांचेच असतात. जिगसॉ अंध माणसाला कसा खेळता येणार? चित्रकलेची स्पर्धा रेडिओवर घेण्यातला प्रकार.

ताई, तुमचा खेळ आहे तसा उत्तम आहे. झोपा निवांत.

पोहेविथशेव | मंगळवार, रात्री ११:४०

अर्धविराम यांच्याशी सहमत. +१

कच्चाकीपिकला | बुधवार, सकाळी ७:१८

काना ताई, तुमचा खेळ मी रोज खेळतो आणि रोज हरतो. आज कारण सांगून टाकतो. मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि तुमचा हिरवा नि पिवळा हे माझ्यासाठी सख्खे जुळे भाऊ. निळा तेवढा ओळखू येतो. म्हणजे वेलांटी चुकली की मला कळतं, अक्षर बरोबर आलं की कळत नाही!

हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षी एका नोकरीच्या मेडिकलमध्ये कळलं. ते ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक असतं ना, इशिहाराचं, ते समोर धरलं. डॉक्टर म्हणाले आकडा सांगा. मी म्हटलं, कुठला आकडा? त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. तोवर आंबा पिकलाय की नाही हे मी वासावरूनच ओळखत आलो होतो आणि सगळेच तसं करतात अशी माझी समजूत होती. आयडीचा खुलासा झाला असेलच.

हा दोष आईकडून येतो, एक्स गुणसूत्रावरून, म्हणून पुरुषांत जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारांत साधारण एकाला असतो, आपल्याकडे त्याहून कमी. तुमच्या नव्वदांत माझ्यासारखे दोन-तीन तरी निघतील. ते बोलत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपणच ढ.

वर्डलमध्ये सेटिंगात जाऊन कॉन्ट्रास्ट वाढवला की हिरव्या-पिवळ्याच्या जागी नारिंगी आणि निळा येतो. तो दिवस माझ्यासाठी मोतीबिंदू काढल्यासारखा होता. पण खरं सांगू? रंग बदलण्यापेक्षा चौकोनाच्या कोपऱ्यात एक बारीक खूण करा. बरोबरला टिक, दुसऱ्या घराला बाण, वेलांटीला काहीतरी. माझ्यासाठी वेगळं सेटिंग शोधायला लावू नका, सगळ्यांनाच दिसू दे की.

काना_मात्रा | बुधवार, सकाळी ७:४५

अहो, सात महिने रोज हरताय आणि आज सांगताय?! खूण आज रात्रीच करते.

सहाठिपके | बुधवार, सकाळी ९:३२

ईमेल लिहिणारा मीच. बायकोनं हा धागा वाचून दाखवला, मग म्हटलं आपणच लिहावं. मी मुंबईत एका बँकेत आहे, जन्मापासून दृष्टी नाही, पंचवीस वर्षं संगणकावर काम करतोय.

अर्धविराम, तुमचा कडूपणा मला चालतो. पण आमच्या बाजूनं खेळ कसा ऐकू येतो ते आधी सांगतो, मग भांडू.

एनव्हीडीए हा फुकट मिळणारा वाचक आहे, दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली सुरू केलेला. वेबपान वाचताना तो एका विशेष अवस्थेत असतो. त्या अवस्थेत कळफलकावरची अक्षरं टाइप होत नाहीत, ती उड्या मारायला वापरतात. एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर, बी दाबलं की पुढच्या बटणावर, टी दाबलं की तक्त्यावर. आता असा इंग्रजी शब्दखेळ घ्या ज्यात लिहायची खरी चौकटच नाही, पान नुसतं कळ दाबल्याची वाट बघतंय. मी 'हाउस' लिहायला एच दाबतो आणि थेट जाहिरातीच्या मथळ्यावर जाऊन पडतो. इन्सर्ट आणि स्पेस एकत्र दाबून अवस्था बदलता येते, पण ती बदलावी हे आधी उमगायला हवं, कारण समोर काय आहे हेच मला कुणी सांगितलेलं नसतं.

२०४८ नावाचा आकड्यांच्या ठोकळ्यांचा खेळ घ्या. इटलीच्या गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या मुलानं मार्च २०१४ मध्ये केलेला. सगळा खेळ चार बाणांवर, म्हणजे हाताला सोपा. पण माझ्या वाचकाला बाण म्हणजे 'खालची ओळ वाच'. मी खाली बाण दाबतो आणि ठोकळे सरकण्याऐवजी पान वाचायला लागतं. अवस्था बदलून खेळलो तर आकडे ऐकू येतात, दोन, चार, दोन, सोळा, पण कुठला आकडा कुठल्या घरात ते समजत नाही. बाजारात उभं राहून भाव ऐकावेत पण कुठल्या टोपलीचा कुठला ते कळू नये, तसं.

आणि जे खेळ कॅनव्हासवर काढलेले असतात ते तर माझ्यासाठी कोरी भिंत. तिथं कोड चित्र रंगवतं, आत अक्षरच नसतं. वाचक वाचणार काय?

आता फुकटच्या खेळाबद्दल. बँकेचं ॲप, परीक्षेचा अर्ज, रेल्वेचं तिकीट यासाठी सोय मागितली की लोक मान डोलावतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं. ते प्रकरण केवायसीचं होतं, कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकवा म्हणणाऱ्या. उत्तमच झालं. पण खेळासाठी सोय मागितली की समोरचा हसतो. जणू अंध माणसानं फक्त उपयोगाचीच कामं करावीत. मला दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटं वाया घालवायची आहेत हो, बाकीच्या शाखेसारखी. आमच्या शाखेत सगळे साडेबाराला शब्द शोधत बसतात आणि मी 'आज काय आला?' एवढं विचारतो. उत्तर मिळालं की माझा खेळ संपला.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी १०:०६

सहाठिपकेदादा, शेवटचा परिच्छेद वाचून पोटात कालवलं.

माझे बाबा सांगलीला असतात. पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. शिक्षक होते, रविवारचं शब्दकोडं शाईच्या पेनानं सोडवणारे, पेन्सिल म्हणजे त्यांच्या मते पळपुटेपणा. पेन धरवेना झालं तेव्हा मी टॅबवर एक अक्षरं ओढून जुळवायचा खेळ लावून दिला. डोकं एकदम शाबूत. उत्तर त्यांना माझ्याआधी येतं. पण अक्षर बोटानं धरून पलीकडच्या घरापर्यंत न्यायचं, तर वाटेत हात थरथरतो, अक्षर सुटतं, परत मूळ जागी. तीनदा सुटलं की टॅब उलटा घालून ठेवतात आणि म्हणतात, "चष्मा पुसून आण."

चष्म्याचा काही संबंध नसतो. आम्ही दोघंही पुसतो.

मग एक दुसरा खेळ सापडला त्यात ओढणं नाहीच. आधी अक्षरावर टिचकी, मग घरावर टिचकी. वेळेचं बंधन नाही. बस्स. त्यावर ते दुपारी दोन तास बसतात आणि आईला हाका मारून शब्द सांगतात. टॅबच्या सेटिंगमध्ये बोट किती वेळ टेकलं की 'दाबून धरलं' समजायचं तो अवधी वाढवता येतो, तोही वाढवून दिला. त्यानंही फरक पडला.

बोरिवलीस्लो | बुधवार, सकाळी १०:११

"चष्मा पुसून आण." काका, तुम्हाला सलाम. ऑफिसात वाचतोय, डोळ्यात कचरा गेलाय.

न्यूजर्सीकर | बुधवार, दुपारी ४:२०

मी इकडे सुगम्यता चाचणीचंच काम करतो त्यामुळे राहवत नाही. कृष्णाकाठ यांनी लिहिलंय ते वेबच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आता अधिकृत आहे. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत कलम २.५.७: जे काही ओढून करायचं ते ओढल्याशिवायही करता यायला हवं. त्याच आवृत्तीत २.५.८, म्हणजे टिचकी मारायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी. कच्चाकीपिकला यांचं दुखणं कलम १.४.१ मध्ये, नुसत्या रंगावर अर्थ ठेवू नका. सहाठिपके यांचं २.१.१ आणि ४.१.२ मध्ये. वेळेचं बंधन २.२.१. मजकुराचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १

बोरिवलीस्लो | बुधवार, दुपारी ४:२६

न्यूजर्सीकर, हे प्रतिसाद आहे की सातबारा?

न्यूजर्सीकर | बुधवार, संध्याकाळी ५:०२

हा हा, मान्य. मग एकच सांगतो. काना ताई, माउस काढून बाजूला ठेवा आणि तुमचा खेळ फक्त टॅब, बाण आणि एंटरवर खेळून बघा. जिथे अडाल तिथे खूण करा. कलमांचे आकडे विसरा.

अर्धविराम | बुधवार, संध्याकाळी ६:४८

सहाठिपके, तुमच्या डब्यानंतरच्या दहा मिनिटांबद्दल काही बोलायला जागाच ठेवली नाहीत. वाईट वाटलं.

तरी मुद्दा सोडत नाही. सरकारी पोर्टलनं करायलाच हवं, दुमत नाही. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व आहे. एकटा माणूस एकवीस प्रकारांसाठी खेळ कसा बनवेल? आणि जिगसॉचं उत्तर अजून आलेलं नाही.

जुनाजाणता | बुधवार, रात्री ८:१५

जिगसॉ जाऊ द्या, बुद्धिबळाचं ऐका. चौसष्ट घरं, बत्तीस सोंगट्या, सगळा 'डोळ्यांचा' खेळ. तरी अंधांच्या पटावर काळी घरं किंचित उचललेली असतात, प्रत्येक घरात भोक, सोंगटीला खाली खुंटी, आणि काळ्या सोंगटीच्या डोक्यावर टाचणीसारखं टोक. हात फिरवला की पट कळतो. अंधांची अखिल भारतीय बुद्धिबळ संघटना आहे, चारुदत्त जाधव यांनी उभी केलेली. ते स्वतः अंध खेळाडू.

आणि ब्राउझरमध्येच बघायचं तर लिचेस ही बुद्धिबळाची साइट. फुकट, जाहिरात नाही. पान उघडून पहिल्यांदा टॅब दाबलं की एक लपलेला दुवा येतो, अंधांसाठीची पद्धत सुरू करा म्हणून. मग पट बाजूला आणि एक लिहायची चौकट. चाल टाइप करायची. एल लिहिलं की समोरच्याची शेवटची चाल सांगतो, सी लिहिलं की घड्याळ. माझा एक अंध मित्र असाच खेळतो आणि मला नेमानं धुतो. त्याला पट दिसत नाही ही माझी सोय, आणि मला दिसतो ही त्याची.

अवांतर: १९९२ च्या विंडोजमधल्या माइनस्वीपर या खेळात १ निळा, २ हिरवा, ३ लाल असायचे, पण आकडा लिहिलेलाच असायचा. रंग नुसता अलंकार. तेव्हा कुणी कलमं वाचून केलं नसेल.

सहाठिपके | बुधवार, रात्री ९:०३

जुनाजाणता, ती चौकट महत्त्वाची. बघा, लिचेसवाल्यांनी पट ऐकवायचा अट्टाहास केला नाही. खेळ आणि चित्र वेगळं केलं.

अर्धविराम, जिगसॉचं उत्तर: मला जिगसॉ नकोच आहे. चित्राचे तुकडे जुळवण्यात चित्र हीच मजा आहे, ती तुमची तुम्ही घ्या. मी फक्त असे खेळ मागतोय ज्यांत मजा शब्दांची किंवा आकड्यांची आहे आणि चित्र हे नुसतं वेष्टन. सुडोकू खरं तर नऊ बाय नऊचा तक्ता. तो खरा तक्ता म्हणून लिहिला तर मी कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबून घराघरात फिरतो, वाचक 'ओळ चार, स्तंभ सात, रिकामं' सांगतो. तोच सुडोकू रंगवलेल्या डब्यांचा केला की बंद.

म्हणजे एकवीस वेगळे खेळ नकोत. काना ताईंच्या खेळात मला हवं ते इतकंच: एक साधी लिहायची चौकट, चार अक्षरं लिहून एंटर, आणि निकाल शब्दांत. 'पहिलं अक्षर बरोबर, दुसरं नाही.' यात कृष्णाकाठ यांच्या बाबांनाही ओढायला काही उरत नाही.

खुणांचीभाषा | गुरुवार, सकाळी ८:५०

या धाग्यावर सगळे डोळे आणि हात यांच्यावर बोलताहेत, कानांची बाजू मांडते. मी बहिरी आहे. लोक म्हणतात, शब्दकोड्यात आवाज कुठे असतो, तुला काय अडचण? आवाज नसतो, पण उच्चार असतो.

कनेक्शन्स नावाचा खेळ आहे, सोळा शब्दांचे चार-चारचे गट करायचे. त्यात कधी कधी एक गट सारख्या उच्चाराच्या शब्दांचा असतो. वाचून लिहून शिकलेल्या माझ्यासारखीला ते दोन शब्द सारखे 'वाजतात' हे कसं कळावं? स्पेलिंग तर अजिबात वेगळं. मराठी खेळांत 'यमक जुळवा' अशी सूचना येते तेव्हा मी शेवटची अक्षरं जुळवून काम चालवते, कारण मराठी बरीचशी लिहिल्याप्रमाणे बोलतात म्हणे.

माझी पहिली भाषा खुणांची, मराठी दुसरी. काना ताई, तुमच्या खेळात मी जिंकते हां. ऱ्हस्व-दीर्घ मी फक्त डोळ्यांनी शिकले, त्यामुळे निळा रंग मला क्वचित येतो.

सहाठिपके | गुरुवार, सकाळी ९:४१

खुणांचीभाषा, तुमचं नि माझं नेमकं उलटं! वाचक 'पाणि' आणि 'पाणी' माझ्या कानाला सारखंच वाजवतो. मी ब्रेलवर शिकलो म्हणून वाचलो. ब्रेलमध्ये वेलांटी वरून येत नाही, क लिहून पुढे इ किंवा ई चं पूर्ण चिन्ह येतं. इ म्हणजे ठिपके २-४, ई म्हणजे ३-५. बोटाखाली दोन्ही वेगळी. पण आताची मुलं मोबाइलवर नुसती ऐकून शिकतात, त्यांचं शुद्धलेखन हा वेगळ्या धाग्याचा विषय.

पोहेविथशेव | गुरुवार, सकाळी ९:५५

काळजी करू नका, 'पाणि' आणि 'पाणी' दिसणाऱ्यांनाही सारखंच दिसतं. आमच्या सोसायटीची नोटीस वाचा.

बोरिवलीस्लो | गुरुवार, सकाळी १०:३०

अवांतर होतंय पण विचारतो: ते 'सगळ्या चित्रांत बस ओळखा' असतं, त्याचं काय करता हो दादा?

सहाठिपके | गुरुवार, सकाळी ११:१२

'मी यंत्र नाही' हे सिद्ध करायला यंत्राची मदत घेतो. आवाजी पर्याय असेल तिथे घरघर ऐकून आकडे लिहितो, नसेल तिथे मुलाला हाक. तो नऊ वर्षांचा आहे, एका बसचे पाच रुपये घेतो.

अर्धविराम | गुरुवार, रात्री १०:१५

काल रात्री माउस काढून ठेवून माझाच तीन वर्षांपूर्वीचा एक खेळ खेळून बघितला. 'सुरू करा' या बटणापर्यंतसुद्धा पोचलो नाही. ते बटण नव्हतंच, बटणासारखा दिसणारा डिव्ह, म्हणजे कोडमधला नुसता डबा होता. टॅब त्याच्यावरून वाऱ्यासारखा निघून जातो. एका शब्दाचा बदल, डिव्हच्या जागी बटन. दिसणं पुन्हा नीट करायला वीस मिनिटं लागली.

न्यूजर्सीकर, हसू नका.

न्यूजर्सीकर | शुक्रवार, पहाटे २:४०

हसत नाहीये. (हसतोय.)

वर्डलबद्दल एक राहिलं. तोही घरगुतीच होता. जॉश वॉर्डल यांनी जोडीदार पलक शाह यांना शब्दखेळ आवडतात म्हणून लिहिला, ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, आणि जानेवारी २०२२ संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला. रंगांधांसाठीची सोय विकण्याआधीच त्यात होती, एकट्या माणसानं घातलेली. मात्र त्या रंगीत चौकोनांच्या निकालानं अंधांना छळलं. लोक ट्विटरवर पाच बाय सहाचे चौकोन टाकायचे आणि वाचक एकेक वाचायचा: ब्लॅक लार्ज स्क्वेअर, ब्लॅक लार्ज स्क्वेअर, यलो स्क्वेअर...

कच्चाकीपिकला | शुक्रवार, सकाळी ७:०५

म्हणजे मला दिसून कळायचं नाही, त्यांना ऐकून. तरी सगळं जग टाकत होतं.

काना_मात्रा | पुढल्या सोमवारनंतरचा सोमवार, रात्री ११:२०

धागा वर काढतेय. अकरा दिवस गायब होते कारण खरंच बसून केलं. हिशेब देते.

कोपऱ्यात खुणा आल्या. पाटीची चित्रं काढून खरी बटणं आणि खरी अक्षरं टाकली. वळण गेलं, थोडं रडू आलं. पाटीच्या वर लिहायची चौकट. निकाल खाली तक्त्यात शब्दांत येतो आणि आपोआप बोलला जातो. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगायचंच राहिलं होतं, त्यामुळे काही वाचक मराठी शब्द इंग्रजी आवाजात वाचायला जात होते. एका ओळीचं काम. अक्षर उलटण्याची गिरकी, ज्यांनी फोनवर हालचाल कमी ठेवलीय त्यांना दिसणार नाही. निकाल चौकोनांऐवजी वाक्यात पाठवायचीही सोय केली. एकूण तीन रात्री आणि एक रविवार. नवऱ्यानं रविवारी स्वयंपाक केला, खिचडी.

सहाठिपकेदादा, आता कसं वाजतंय?

सहाठिपके | मंगळवार, दुपारी १२:५८

ताई, खेळलो. डब्यानंतर, साडेबाराला, सगळ्यांबरोबर.

एक ढेकूण (बग हो) आहे. चौकटीत बाणानं अक्षरावर अक्षर गेलं की 'क्ष' चे तीन तुकडे ऐकू येतात: क, हलन्त, ष. यात तुमची चूक नाही, युनिकोड या संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तो तसाच साठवलेला असतो. ब्रेलमध्ये क्ष आणि ज्ञ यांना स्वतःचं एकेक चिन्ह आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात ते एकच अक्षर, आणि चारांत बसतं की नाही याचा क्षणभर घोळ झाला. चौकटीशेजारी 'आतापर्यंत तीन अक्षरं' असं मोजून सांगाल का?

बाकी मजा आली. पहिला प्रयत्न 'पळवाट', फक्त प बरोबर. दुसरा 'परिसर', तर तक्ता म्हणाला 'दुसरं अक्षर, व्यंजन बरोबर, वेलांटी तपासा'. मग ठिपके ३-५ आठवले. तिसरा 'परीक्षण', तीन अक्षरं बरोबर. चौथ्याला 'परीक्षक'! शेजारच्या टेबलवरच्या बाईंना पाच लागले.

बोरिवलीस्लो | मंगळवार, दुपारी १:०३

अहो दादा!!! मी तिसऱ्या प्रयत्नावर होतो!

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १:१०

बाबा दुपारी चारला खेळतात, त्यांना हा धागा दाखवणार नाही.

काना_मात्रा | मंगळवार, दुपारी १:१४

कुणीतरी तो प्रतिसाद संपादित करा हो! मोजणी आज रात्री घालते.

सहाठिपके | मंगळवार, दुपारी १:२०

चुकलो, माफी. वाक्यात निकाल द्यायची सवय नाही ना. उद्या चौकोन टाकतो, बसा बघत.